वालचंद हिराचंद : कंत्राटदार या शब्दाला मान मिळवून देणारा माणूस



आजच्या पाठात आपण एका उद्योगपतीचं चरित्र बघणार आहोत. पण त्याआधी थोडं आपल्या जतचं बोलू.

मागे एकदा सातवीच्या वर्गात व्यवसायांची नावं लिहायला सांगितली होती. मुलांनी शेतकरी, शिक्षक, डॉक्टर, ड्रायव्हर, गवंडी अशी बरीच नावं लिहिली. एका मुलाने कंत्राटदार लिहिलं, तर अख्खा वर्ग हसला. का हसलात म्हणून विचारलं, तर मुलांच्या मनात कंत्राटदार म्हणजे खड्डे ठेवून बिल उचलणारा माणूस, एवढंच होतं. मुलांचा काय दोष? ती घरात जे ऐकतात, शाळेला येताना जे बघतात, तेच बोलतात.

त्याच पावसाळ्यात आमच्याच शाळेतला एक मुलगा सायकलवरून येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पडला आणि त्याचा हात मोडला. मग आम्ही सगळे जागे झालो. पालक जमले, ग्रामपंचायतीकडून अर्ज लिहून घ्यायचं ठरलं. अर्जात रस्त्याचं नाव काय लिहायचं म्हणून आम्ही रस्त्याच्या तोंडाशी उभा असलेला फलक पहिल्यांदा नीट वाचला. त्यावर सगळं होतं. कामाचं नाव, लांबी, खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पाच वर्षांची देखभाल-दुरुस्ती कंत्राटदाराकडे असल्याची नोंदही. आम्ही बोटं मोजली. पाच वर्षं संपून चार महिने झाले होते.

पाच वर्षं तो फलक तिथेच होता. आम्ही शिकलेली माणसं रोज त्याच्यासमोरून शाळेत जात होतो, पण एकानेही तो वाचला नव्हता. ही गोष्ट मला अजून बोचते. म्हणूनच कंत्राटदार, करार आणि जबाबदारी हे शब्द मुलांना नीट शिकवायचे, असं मी ठरवलं. आणि त्यासाठी वालचंद हिराचंद यांच्या चरित्राइतका चांगला पाठ मला दुसरा सापडला नाही.

सांगलीशी नातं

वालचंद हे नाव आपल्या जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? सांगलीत विश्रामबागला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावाने ते सुरू झालं आणि १९५० च्या दशकात वालचंद घराण्याच्या देणगीनंतर त्याला वालचंदांचं नाव मिळालं. आपल्या भागातल्या कितीतरी इंजिनिअरांनी तिथेच शिक्षण घेतलं. पण ज्यांचं नाव आपण रोज घेतो ते वालचंद कोण होते, हे विचारलं तर बहुतेक मुलं गप्प बसतात. खरं सांगायचं तर आपल्यातलेही बरेच जण गप्प बसतील.

जन्म आणि शिक्षण

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं गुजराती जैन, मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं. व्यापारासाठी ते सोलापुरात येऊन स्थायिक झालं होतं. वडील हिराचंद नेमचंद कापसाचा व्यापार आणि सावकारी करत. वालचंदांच्या जन्मानंतर लवकरच त्यांची आई वारली.

मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात आणि पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले. पण पदवी घेण्याआधीच शिक्षण सुटलं आणि ते घरच्या धंद्यात आले. सावकारी आणि व्यापार चांगला चालला होता. गादीवर बसून राहिले असते तरी आयुष्य सुखाने गेलं असतं. मात्र त्यांचं मन त्यात रमलं नाही.

फाटक आणि वालचंद : एक भागीदारी

इथे चरित्राला वळण मिळतं. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ होते. पूर्वी रेल्वेत कारकून होते, नंतर कंत्राटाच्या कामात शिरले. त्यांना कामाची माहिती होती, रेल्वेचे कागद कसे चालतात ते ठाऊक होतं, पण भांडवल नव्हतं. वालचंदांकडे घरचं भांडवल आणि पत होती, पण बांधकामाचा अनुभव नव्हता. दोघे एकत्र आले आणि फाटक-वालचंद ही भागीदारी उभी राहिली.

पहिलं काम मिळालं ते बार्शी लाईट रेल्वेचं. येडशी ते तडवळे अशी सात मैलांची, म्हणजे साधारण ११ किलोमीटरची लाईन टाकायची होती. हा भाग आजच्या धाराशिव जिल्ह्यात येतो. अडीच फूट रुंदीची ही छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झाली होती आणि पुढे पुढे वाढत चालली होती. तीच बार्शी लाईट १९२७ साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. आपलं जत रोड स्टेशन याच मार्गावर आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या छोट्या गाडीने पंढरपूरची वारी केली, तिच्याच सुरुवातीच्या एका तुकड्यावर वालचंदांनी कंत्राटदारीची मुळाक्षरं गिरवली. मुलांना हे सांगून बघा, त्यांचे डोळे कसे मोठे होतात ते.

इथे जरा थांबू. भागीदारी म्हणजे काय, हे मुलांना समजावायला हे उदाहरण फार सोपं आहे. दोघांकडे सारखंच असेल तर भागीदारीची गरजच नसते. एकाकडे जे कमी आहे ते दुसऱ्याकडे असावं लागतं, आणि नफा दोघांचा तसा तोटाही दोघांचा असावा लागतो. फाटक-वालचंद जोडीला पुढे एकामागून एक रेल्वेची आणि सरकारी कामं मिळत गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा धंदा बराच वाढला.

बोरघाटाची गोष्ट

मुंबई आणि पुण्याच्या मध्ये खंडाळ्याचा बोरघाट आहे. कंत्राट म्हणजे काय आणि ते अर्धवट राहिलं की काय होतं, हे शिकायचं तर या घाटासारखी शाळा नाही.

इथली पहिली रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली. पहिले कंत्राटदार फॅव्हिएल नावाचे इंग्रज. मजुरांच्या पगारावरून दंगा झाला, काम बिघडलं आणि १८५९ साली त्यांनी ते सोडून दिलं. मग सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार आले, पण हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारले. तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्या अंगावर घेतलं, जाणकार इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. १८६३ साली घाटातून गाडी धावली. या कामात रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. घाटात त्यांच्या नावाचा दगड आपल्याला दिसत नाही.

या जुन्या लाईनीत एक अडचण होती. चढ इतका अवघड होता की एका ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट दिशेने वर न्यावी लागे. त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. साठेक वर्षं हे असंच चाललं. १९२० च्या दशकात नवे बोगदे खोदून मार्ग बदलायचं ठरलं, आणि ते काम टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीकडे आलं. या कंपनीचा कारभार तेव्हा वालचंद बघत होते. १९२९ साली रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. ज्या घाटाने एका इंग्रज कंत्राटदाराला पळवून लावलं, तिथेच सोलापूरच्या माणसाने बोगद्यांचं काम पुरं करून दिलं. एतद्देशीय माणसाला एवढं अवघड काम जमणार नाही, असं समजण्याचे ते दिवस होते. म्हणून या कामाचं मोल जास्त.

१९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. मुंबईला तानसा तलावाचं पाणी आणणाऱ्या मोठ्या नळांचं काम, ब्रह्मदेशात इरावती नदीवरचा पूल अशी कामं वालचंदांच्या कंपन्यांनी केली. त्यांच्या पश्चातही ही कंपनी टिकली. २००९ साली मुंबईत सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू तिनेच बांधला.

बांधणं आणि सांभाळणं

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्याचा याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. रस्ता बांधणं हे एकदाचं काम आणि सांभाळणं हे रोजचं. पूर्वी बांधकाम खात्याचे मैलकुली असत. रस्त्याचा ठरावीक तुकडा त्यांच्याकडे असायचा. पावसाळ्याआधी गटार मोकळं करणं, साईडपट्टीवर मुरूम टाकून दाबणं, मोरीतला गाळ काढणं, लहान खड्डा दिसला की लगेच बुजवणं, ही त्यांची कामं. ज्याचा तुकडा त्याला तो पाठ असायचा. कुठे पाणी साचतं, कुठे काळी माती फुगते, हे त्याला कागद न बघता सांगता यायचं. आता ही मंडळी फार कमी राहिली आहेत.

डांबरी रस्त्याचा खरा शत्रू पाणी. बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी खाली उतरतं, खालची खडी-मुरुमाची बैठक मऊ होते आणि वरून उसाची ट्रॉली गेली की तिथे खड्डा होतो. भेग वेळेत बुजवली तर थोडक्यात भागतं. नाही बुजवली तर पुढे अख्खा थर उकरावा लागतो. आपल्या आज्या फाटलेल्या कपड्याला वेळेत टाका घालायच्या, तेच शहाणपण इथे लागतं.

जुन्या पद्धतीच्या कंत्राटात एक खोट आहे. बांधणारा एक, दुरुस्ती करणारा दुसरा. बांधणाऱ्याला पुढचे खड्डे भोगायचे नसतात, मग तो बैठक पक्की कशाला करेल? आणि खड्डे बुजवणाऱ्याला दर वर्षी नवं काम हवंच असतं. म्हणून जगभर आता लांब मुदतीचे करार करायची पद्धत आली आहे. जो बांधेल त्यानेच काही वर्षं सांभाळायचं. रस्ता चांगला राहिला तरच पैसे पूर्ण मिळायचे. म्हणजे बैठक पक्की करण्यात त्याचाच फायदा.

आपल्याकडेही हे आलं आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता करणाऱ्यानेच पुढची पाच वर्षं देखभाल करायची असते. राष्ट्रीय महामार्गांसाठी हायब्रिड अ‍ॅन्युइटी नावाची पद्धत आहे. तिच्यात बांधकामाच्या काळात सरकार ४० टक्के रक्कम देतं. उरलेले ६० टक्के कंत्राटदाराने आधी उभे करायचे आणि पुढच्या साधारण १५ वर्षांत ते त्याला हप्त्याने मिळायचे. तोवर रस्ता सांभाळायची जबाबदारीही त्याचीच. जतवरून जाणाऱ्या गुहागर-विजापूर महामार्गासारख्या मोठ्या रस्त्याने प्रवास करताना मुलांना विचारा, हा रस्ता बांधला कोणी आणि आज सांभाळतं कोण? उत्तर लगेच येणार नाही, पण मुलं शोधायला लागतील.

लांब करार नेहमीच चांगला का?

इथेही वालचंदांचं चरित्र आपल्याला सावध करतं.

१९१९ साली वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांच्या सोबतीने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्यांची लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच ५ एप्रिल हा आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण ब्रिटिश बोट कंपन्यांनी भाडी इतकी उतरवली की सिंदियाला टिकणं कठीण झालं. शेवटी १९२३ साली सिंदियाला ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात परदेशी मार्गांवर जायचं नाही, फक्त किनाऱ्यावरचा व्यापार करायचा आणि बोटींची एकूण क्षमताही ठरावीक टनांच्या पुढे न्यायची नाही, अशी बंधनं होती.

हाही दहा वर्षांचाच करार होता. पण एक पक्ष बलवान आणि दुसरा अडचणीत, म्हणून त्या करारात सांभाळण्यापेक्षा बांधून ठेवणंच जास्त होतं. फाटकांशी झालेली भागीदारी आणि हा करार शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे मुदत लांब आहे. एकीकडे दोघेही वाढले, दुसरीकडे एकाला वाढू दिलं नाही.

रस्त्यांच्या करारातही हाच धोका असतो, फक्त बाजू बदलतात. कधी खातं दुबळं पडतं आणि कंत्राटदार शिरजोर होतो. कधी खात्याकडून पैसे वेळेवर मिळत नाहीत आणि कंत्राटदार बुडतो. मुदत पाच वर्षांची असो की पंधरा, कोणीतरी रस्ता बघणारा, मोजणारा आणि विचारणारा लागतोच. तो नसेल तर करार फायलीत राहतो आणि खड्डा रस्त्यात.

पुढचं आयुष्य

बाकीची कामं थोडक्यात सांगतो. इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती उभं राहिलेलं वालचंदनगर आणि नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव या त्यांच्याच वसाहती. रावळगावची गोळी तुम्ही-आम्ही सगळ्यांनी खाल्ली आहे. १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साथीने त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी काढली. युद्धकाळात १९४२ साली ती सरकारने आपल्या हाती घेतली. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज १९४८ साली पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटारींची कंपनी काढली.

वालचंद काही संत नव्हते, हेही मुलांना सांगावं. सरकारी कामं मिळवायला बड्या लोकांत ऊठबस लागते, ती त्यांनी मुक्तपणे केली. त्यांचे काही बेत फसले, काहींत भागीदारांशी मतभेद झाले. आणि त्यांच्या कामांवर घाम गाळणारे हजारो मजूर इतिहासात बिननावाचेच राहिले. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आई-वडील ऊसतोडीला, खडीच्या कामाला, रस्त्याच्या कामाला जातात. त्या मुलांसमोर हे चरित्र सांगताना ही बाजू झाकू नये.

१९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते हळूहळू कामातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ७० वर्षांचे होते.

वर्गात काय घ्याल?

हा पाठ झाल्यावर मी मुलांकडून तीन गोष्टी करून घेतल्या. तुम्हीही घेऊन बघा.

१. आपल्या गावच्या रस्त्यावरचा फलक मुलांनी वहीत उतरवून आणायचा. लांबी, खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत. मुदत संपायला किती महिने उरलेत, हे गणिताच्या तासाला काढायचं.

२. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, मोठ्यांना सोबत घेऊन, शाळेजवळच्या रस्त्याची पाहणी करायची. भेगा, खड्डे, बुजलेलं गटार, तुंबलेली मोरी यांची नोंद ठेवायची. रहदारीच्या रस्त्यावर मुलांना एकटं सोडू नका.

३. घरातल्या किंवा गावातल्या जुन्या मैलकुलीला, रोलर ड्रायव्हरला किंवा मुकादमाला वर्गात बोलवायचं आणि त्यांचं काम कसं चालायचं ते ऐकायचं.

आमच्या मुलांनी दुसऱ्या एका वाडीच्या रस्त्याचा फलक उतरवून आणला, तेव्हा मुदतीची दीड वर्षं शिल्लक होती. नोंदी जोडून पालकांनी ग्रामपंचायतीमार्फत अर्ज दिला. दोन महिने गेले, पुन्हा अर्ज दिला. त्यानंतर एके दिवशी डांबराची गाडी आली आणि खड्डे बुजले. गटार मात्र अजून तुंबलेलंच आहे. त्याचा अर्ज मुलांनी लिहून ठेवला आहे, आणि मुदत संपायला नऊ महिने बाकी आहेत.

हात मोडलेला तो मुलगा आता बरा आहे. महिने मोजण्याचं काम वर्गाने त्याच्याकडेच दिलं आहे. तुमच्या रस्त्यावरच्या फलकावर काय लिहिलंय, ते उद्या शाळेत जाताना जरूर वाचा.